लाल दिव्यामागचा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. बाभळीचा नव्हे, घड्याळाचा नव्हे, आणि साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या चढवतात तो तर मुळीच नव्हे. त्या काट्याविषयी लोक काय काय बोलतात ते मी येता-जाता ऐकलंय, आणि त्यात माझं नाव गोवलेलं मला खपायचं नाही. मी मोटारीतला काटा. इंजिन किती तापलंय ते सांगणं एवढंच माझं काम. धारूरच्या पंचाक्षरी आप्पांच्या काळ्या अॅम्बेसेडरच्या डॅशबोर्डवर माझा सगळा जन्म गेला आणि अजूनही मी तिथंच आहे.

माझं बोलणं तुम्हाला जरा कोरडं वाटेल. वाटू दे. मोजणाऱ्यानं रडायचं नसतं आणि हसायचंही नसतं. माझ्या पाठीमागून तांब्याची एक बारीक नळी निघते, ती थेट इंजिनात जाते. तिच्यात औषधासारखं काहीतरी पातळ भरलेलं आहे. इंजिन तापलं की ते फुगतं आणि मला उजवीकडं ढकलतं. इंजिन निवलं की मी आपला मुकाट्यानं डावीकडं परत येतो. माझ्या मनानं मी कधी केसभरही हललेलो नाही.

माझा जन्म इथून फार दूरच्या कारखान्यात झाला. कुणा कारागिरानं मला चिमट्यात धरलं, श्वास रोखला आणि पांढऱ्या तबकडीवर बसवलं. तबकडीच्या उजव्या टोकाला नखाएवढी लाल पट्टी रंगवली. काटा त्या पट्टीला टेकला की गाडी थांबवायची, असा तिचा अर्थ. माझ्या शेजारी पेट्रोलचा काटा आला. तो पहिल्यापासून थापाड्या. टाकीत चूळ भरण्यापुरतंही पेट्रोल नसलं तरी 'अर्धी आहे, चला' म्हणायचा. मधोमध वेगाचा मोठा मीटर बसवला. त्याला आम्ही साहेब म्हणतो, कारण गाडीत शिरणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडंच बघतो.

गाडी धारूरला आली तेव्हा बाजारपेठेत ही गर्दी! तेव्हा आप्पा आप्पा नव्हते, नुसते पंचाक्षरी होते. वडिलांच्या कापडदुकानात नुकतेच गल्ल्यावर बसायला लागले होते. धारूर उंचावर. खाली तेलगावला उतरायचं म्हटलं की घाट, आणि परत यायचं म्हटलं की तोच घाट चढायचा. त्या चढाला गाडी तापायचीच. अर्ध्या वाटेवर वडाचं एक वळण आहे. तिथं गाडी थांबवून, बॉनेट उघडून, डब्यातलं पाणी रेडिएटरात ओतायचं हा रिवाज पडला. मागं बसलेले सगळे मान पुढं काढून विचारायचे, "काटा काय म्हंतोय?" खरं सांगतो, साहेबाला असा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. थोडी ऐट मलाही चढली असेल.

मग एकदा मांजरसुंब्याजवळ गाडी खड्ड्यात आदळली आणि तेव्हापासून मी मध्येच अडकायला लागलो. इंजिन तापायचं आणि मी आपला निम्म्यावर उभा. त्यावर पंचाक्षरींनी स्वतःच इलाज शोधला. नखानं काचेवर टिचकी मारायची. टक् झालं की मी सुटायचो आणि खऱ्या जागी जाऊन उभा राहायचो. त्या घरात ती सवयच होऊन बसली. गाडीत बसलं, की आधी टिचकी, मग काट्याकडं नजर. सोमवारी पूजा आटोपून आप्पा कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायचे आणि हाताला उरलेली विभूती माझ्या काचेच्या कडेला लावायचे.

आता एक गोष्ट सांगतो. ती फक्त दोघांना ठाऊक होती. एक गंगासागरबाई, म्हणजे आप्पांच्या पत्नी, आणि दुसरा मी. मला कशी ठाऊक, म्हणाल. अहो, नवराबायको घरात जे बोलत नाहीत ते गाडीत बोलतात.

लग्न नवं होतं. गंगासागरबाईंना माहेराहून, चकलांब्याहून, घेऊन पंचाक्षरी घाट चढत होते. बाई पुढं बसलेल्या, हातात हिरवा चुडा. माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "आवो, त्यो काटा लाल पट्टीला टेकला की."

"कुठल्या लाल पट्टीला?"

"ही काय. लाल. माझ्या कुकवासारखी."

पंचाक्षरींनी गाडी वडाखाली घेतली. इंजिन बंद केलं. मग ते म्हणाले, "तुझं कुकू अन् तुझा चुडा, मला दोन्ही एकाच रंगाचं दिसतंय. ल्हानपणापासून. वडलांना सांगितलं असतं तर दुकानात बसू दिलं असतं का? कापडवाल्याच्या पोराला लाल-हिरवं कळंना, लोक काय म्हंतील?"

"मग ह्या काट्याचं कसं करता?"

"काटा कुठं हाय ते बघतो. रंग कशाला पायजे?"

बाई हसल्या. कीव म्हणून नव्हे. कोडं सुटल्यावर माणूस हसतं ना, तसं. म्हणाल्या, "मग दुकानात बी तसंच करू. वरच्या कप्प्यात लाल, मधल्यात पिवळं, खालच्यात हिरवं. म्या रोज येऊन लावीत जाईन. जागा चुकणार न्हाई म्हंजे रंग चुकणार न्हाई."

आणि तसंच झालं. बाई दुकानात बसती म्हणून पेठेत आधी कुजबुज झाली, पण पुढं आप्पांचं नाव तालुक्यात गाजलं. लग्नाचा शालू घ्यावा तर पंचाक्षरी आप्पांच्या हातचा, असं बायका म्हणायला लागल्या. आप्पा कापड चिमटीत धरून पोत सांगायचे आणि हात बरोबर हव्या त्या कप्प्याला घालायचे. बीडच्या चौकात सिग्नल लागले तेव्हाही त्यांचं काही अडलं नाही. वरचा दिवा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं. त्यांच्या जगात प्रत्येक रंगाला पत्ता होता.

एकदाच चुकलं. मुलाचं, अमरनाथचं, लग्न ठरलं. होणारी सून कावेरी. तिनं मोठ्या हौसेनं निरोप धाडला की मला हिरवा शालू हवा. गंगासागरबाई त्या दिवसांत भावाच्या आजारपणासाठी चकलांब्याला होत्या, आणि इकडं अमरनाथनं लग्नघर म्हणून दुकान झाडूनपुसून कप्पे नव्यानं लावले. कुणाला विचारायचं त्याला काय कारण? आप्पांनी खालच्या कप्प्यात हात घातला, सगळ्यात भारी पोताचा शालू काढला, कागदात बांधला आणि माझ्यासमोरून, या गाडीतून, सुनेच्या घरी नेऊन दिला. तो लाल होता.

कावेरीनं तोंडातून शब्द काढला नाही. लग्नात तो शालू नेसली, घडी घालून ठेवला, आणि परत कधी बाहेर काढला नाही. सासऱ्यानं पहिल्याच दिवशी माझा शब्द खाली पाडला, हे तिनं मनात धरलं. त्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचं असलं तर भिंतीकडं बघून "आप्पांना म्हणावं, जेवण वाढलंय" असं सांगायची. त्यामुळं ती अढी कुणाच्या ध्यानातही आली नाही. आप्पांना चूक कळली ती बाई परत आल्यावर. "आता सांगून टाका," बाई गाडीत म्हणाल्या. आप्पांनी मान हलवली, आणि सांगितलं नाही.

दिवस बदलले. धारूरच्या रस्त्यावर छोट्या पांढऱ्या गाड्या दिसायला लागल्या. त्या घाटात तापत नव्हत्या, थांबत नव्हत्या. वडाचं वळण त्यांनी ओलांडलेलंही कुणाला कळायचं नाही. तयार कपड्यांची दुकानं आली तसा शालूंचा कप्पाही आकसला. अमरनाथनं अर्ध्या दुकानात 'शिवगंगा कार शृंगार' अशी पाटी लावली. सीट कव्हर, गाडी मागं घेताना गाणं वाजवणारे भोंगे, आरशाला टांगायचे गोंडे, काय काय. आम्ही मात्र मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मागच्या सीटवर एक मांजरी दोनदा व्याली. थापाड्या 'अर्धी आहे' म्हणत तसाच उभा राहिला, आणि माझ्या काचेवर धूळ बसली. वाईट वाटलं का? वाटलं असं म्हणत नाही. थंड इंजिनापुढं काट्याला काम नसतं, एवढं खरं.

आप्पा अधूनमधून येऊन गाडी चालू करायचे. चकलांब्याच्या फेऱ्याही कधीमधी व्हायच्या. पण वय झालं, संध्याकाळी पुढं वाकून वाकून माझ्याकडं बघायला लागले. घरात कुरबूर सुरू झाली. कावेरी नवऱ्याला म्हणाली, तेही गाडीतच, "आप्पांना आता दिसत न्हाई नीट. घाटात कायी झालं तर? चावी काढून घ्या."

अमरनाथ म्हणाला, "चावी काढून घेतली तर मानूस खचंल. काटाच दिसत न्हाई ना? मी त्याची सोय करतो."

आणि मित्रांनो, त्यानं सोय केली. त्याचं मन वाईट नव्हतं हे मी आधीच नोंदवून ठेवतो. औरंगाबादहून त्यानं रंग बदलणारे एलईडी दिवे आणले. नखाएवढे दिवे, पण उजेड असा की बघतच राहावं. ते बसवायला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा शहादेव आला. त्यानं सगळा डॅशबोर्ड उचकटला. साहेबाच्या मागं दिव्यांची माळ लावली. ती आपोआप जांभळी, निळी, गुलाबी होत राहायची. थापाड्यालाही तसंच. जन्मभर थापा मारून शेवटी हाही शृंगार त्याच्याच वाट्याला! माझ्या बाबतीत मात्र अमरनाथनं डोकं चालवलं होतं. इंजिन थंड असेल तर हिरवा, तापू लागलं की पिवळा, जास्त तापलं की लाल, अशी जोडणी करून घेतली. उजेड सगळीकडं सारखा पडावा म्हणून माझ्या काचेवर दुधी प्लास्टिक चिकटवलं.

शहादेव म्हणाला, "आत काट्याची सावली पडतीया बे. काढून टाकू का?"

"काट्याचा काटाच काढ," अमरनाथ हसून म्हणाला.

शहादेवनं नळी ओढून बघितली आणि नाद सोडला. ती इंजिनातून उपटली असती तर इंजिनाच्या बाजूनं गळती लागली असती. म्हणून त्यानं तबकडी आणखी थोडी मागं दाबून सावली घालवली आणि मी वाचलो. प्लास्टिकच्या मागं, जिवंत, आणि कुणालाही न दिसणारा.

मग आप्पांना बोलावलं. कावेरी उंबऱ्यात उभी, गंगासागरबाई तुळशीजवळ. अमरनाथनं वडिलांना हाताला धरून स्टिअरिंगमागं बसवलं आणि किल्ली फिरवली. अंधाऱ्या शेडमध्ये सगळा डॅशबोर्ड उजळला. "आप्पा, आता डोळ्याला तरास न्हाई. हिरवं हाय तवर बिनघोर चालवा. लाल झालं की थांबा. काट्याकडं बघायचंच न्हाई!"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. खरं तर प्लास्टिककडं बघितलं. बाईंचा हात पदराशी थबकला. "पर आवो..." त्या म्हणाल्या.

"राहू दे," आप्पा म्हणाले. मग लेकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लई झ्याक केलंस, अमर."

दुपारी दोघंच गाडीत येऊन बसली. "सांगून टाका आता तरी," बाई म्हणाल्या.

"काय सांगू? चाळीस वर्सं लोकांच्या लेकींना शालू दिले. लोक म्हंतील, आंधळ्यानं फशिवलं. अन् पोरानं एवढ्या मायेनं दिलंय. दिव्यातला रंगच कळंना म्हणून सांगितलं तर चावी गेलीच समज. सूनबाईचं तर आधीच म्हणनं हाय."

"मग म्या सांगते अमरला."

"तुला माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाची आण हाय."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण हरतील त्या गंगासागरबाई कसल्या? म्हणाल्या, "बरं. म्या तुमच्या शेजारी पुढं बसत जाईन. दिवा लाल झाला की खोकते."

लगेच पुढच्या आठवड्यात चकलांब्याला बाईंच्या भावाच्या, राजेश्वरच्या, मुलीचं लग्न निघालं. जाताना आप्पाच चालवत होते. बाई पुढं, अमरनाथ आणि कावेरी मागं. उमापूरच्या अलीकडं दिवा पिवळा झाला तशी बाईंनी बारीक ठसका दिला. आप्पांनी वेग कमी केला. अमरनाथ मागून खूश होऊन म्हणाला, "बघितलंस, कावेरी? दिवा बघून चालवतेत." चकलांब्यात सगळं वऱ्हाड आमच्या डॅशबोर्डभोवती गोळा झालं. पोरांनी नाकं काचेला लावली. माझ्याविषयी कुणी काही विचारलं नाही, आणि मी तक्रारही करत नाही.

परतताना गोंधळ झाला. कावेरीला गाडी लागायची. लग्नातल्या जेवणानं तिचं पोट आधीच ढवळलेलं, तेलगाव येईपर्यंत चेहरा पार उतरला. अमरनाथ म्हणाला, "माय, घाट हाय म्होरं. कावेरीला पुढं वाऱ्याला बसू दे." बाई काय बोलणार? मागं जाऊन बसल्या. कावेरी पदर सावरून खिडकीशी बसली. अमरनाथचा मागं डोळा लागला.

दिवस मावळतीला आला होता. गाडीनं घाट धरला. मी आत, प्लास्टिकच्या मागं, हळूहळू उजवीकडं सरकत होतो. दिवा हिरव्याचा पिवळा झाला आणि दुसऱ्या वळणानंतर लाल झाला. जसं ठरलं होतं तसंच. शहादेवच्या कामात खोट नव्हती.

आप्पा दिव्याकडं बघत होते. त्यांना उजेड दिसत होता, रंग नाही. मागून खोकला येतो का म्हणून कानही लावलेला. पण मागून बाईंना सीटच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. कावेरीला मात्र लाल दिवा लख्ख दिसत होता. तिनं एकदा दिव्याकडं बघितलं, एकदा सासऱ्यांकडं, आणि मान खिडकीकडं वळवली. जाताना दिवा पिवळा होताच त्यांनी वेग कमी केला होता, म्हणजे सासऱ्यांना दिसत असणारच. सुनेनं सासऱ्याला गाडी शिकवायची का? आणि मधल्या निरोप्याला, अमरनाथला, तर मागं डोळा लागलेला.

वडाचं वळण आलं. आप्पांचा पाय ब्रेकवर गेला, घुटमळला. मागून बाई म्हणाल्या, "वड आला जणू!"

"गाडी थंड हाय," आप्पा म्हणाले, आणि वळण मागं पडलं. आपलं आपल्यालाच न पटलेल्या माणसाचा आवाज होता तो.

आता मी तबकडीच्या शेवटच्या खिळ्याला जाऊन टेकलो. त्यापुढं मला जागाच नाही. इंजिनाचा आवाज घोगरा झाला, गरम वास यायला लागला. आणखी एक-दोन वळणं तशीच गेली असती तर इंजिन जाम झालं असतं, आणि चढावर बंद पडलेली जड गाडी मागं कुठवर घसरते ते मला या घाटानं अनेकांच्या बाबतीत दाखवलं होतं. मी चाळीस वर्षं खरं सांगत आलो. तेव्हाही सांगत होतो. बघणारं कुणी नव्हतं. मित्रांनो, मोजणाऱ्यानं हे म्हणू नये, पण मला त्या वेळी भीती वाटली.

आप्पांचा हात उठला. सवयीनं. त्यांनी प्लास्टिकवर नखानं टिचकी मारली.

मी खिळ्यावर आपटलो. टण्, असा बारीक आवाज झाला. निम्म्यावर अडकलेला काटा सुटताना असा वाजत नाही. शेवटाला टेकलेलाच असा वाजतो. तो आवाज इतक्या वर्षांत फक्त एका माणसानं ओळखला असता. आप्पांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा टण्.

त्यांनी समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "कावेरी, ह्यो दिवा कुठल्या रंगाचा हाय?"

इतक्या वर्षांत सासऱ्यांनी तिला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न. तिनं सवयीनं मागं वळून बघितलं, की कुणामार्फत उत्तर द्यावं. मग म्हणाली, "लाल हाय, आप्पा. मघापासून लाल हाय."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुमाला दिसतच आसंल, वाटलं."

आप्पांनी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. मग ते म्हणाले, "मला न्हाई दिसत. लाल बी न्हाई, हिरवं बी न्हाई. जलमापासून न्हाई."

अमरनाथ जागा झाला होता. "काय म्हंता, आप्पा?"

"खरं हाय ते," मागून बाई म्हणाल्या. आण मोडली नाही त्यांनी. आप्पांनीच तोंड उघडल्यावर आणेचं काय राहिलं? "दुकानातले कप्पे म्या कावून लावीत व्हते, कळलं का आता?"

अमरनाथ खाली उतरला. चाकामागं दगड लावले, बॉनेट उघडलं, पाण्याचा डबा आणला, आणि इंजिन निवायची वाट बघत तसाच हातात डबा घेऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. "जे तुमाला दिसत न्हाई, नेमकं तेच दिलं मी," तो म्हणाला.

"तू दिलंस अन् म्या बी गप घेतलं," आप्पा म्हणाले. "माझी चूक जास्त. तुला कुणी सांगितलंच न्हाई."

कावेरी अजून पुढच्याच सीटवर होती. तिचं पोट, गाडी लागणं, सगळं ती विसरली होती. ती एकदम म्हणाली, भिंतीला नाही, समोर आप्पांना, "मग माझा शालू?"

आप्पांनी मान खाली घातली. "म्या हिरवाच म्हणून दिला व्हता, पोरी. खालच्या कप्प्यातला. सगळ्यात भारी पोताचा."

कावेरीनं पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडते आहे. रडतही होती, हसतही होती. "येवढी वर्सं," ती म्हणाली, "येवढी वर्सं म्या तुमच्यावर राग धरला की हो, आप्पा!"

बाईंनी मागून हात घालून तिची पाठ थोपटली. "म्या तवाच सांगा म्हणलं व्हतं," त्या म्हणाल्या, "पर ह्यांचं आपलं, मौन पाळल्यासारखं!" रेडिएटरात पाणी पडलं तसा मी खिळ्यावरून सुटलो आणि डावीकडं परतलो. अमरनाथनं आत वाकून खिशातल्या चावीनं माझ्यावरचं दुधी प्लास्टिक उचकटलं. संध्याकाळचा उजेड तबकडीवर पडला. आप्पांनी पुढं वाकून बघितलं. "निवला," ते म्हणाले. लाल, हिरवं कुणी काही बोललं नाही.

उरलेला घाटही आप्पांनीच चढवला. चावी कुणी मागितली नाही. धारूरला आल्यावर शहादेवनं माझ्यामागं एकच साधा पांढरा दिवा ठेवला आणि माझ्या अंगाला जाड काळा रंग दिला, म्हणजे संध्याकाळीही मी ठळक दिसावा. साहेब आणि थापाड्या अजून जांभळे-गुलाबी होतात. गिऱ्हाइकांना ते आवडतं, आणि अमरनाथचा धंदा बरा चाललाय. असू दे. रंगाशी माझं वैर नाही. एवढंच की रंगानं दुसऱ्याची जागा खाऊ नये.

त्या दसऱ्याला गाडीची पूजा होती. झेंडूच्या माळा लावल्या, आपट्याची पानं वाहिली. कावेरी हातात आरतीचं ताट घेऊन आली. अंगावर जुना, घडीच्या खुणा पडलेला शालू. आप्पांनी त्याचा काठ दुरूनच ओळखला असावा. पोत त्यांची नजर चुकवत नाही. तरी विचारलं, "ह्यो कुठला गं, पोरी?"

"ह्यो लाल हाय, आप्पा," कावेरी म्हणाली. "पर तुमी हिरवा म्हणून दिला व्हता. म्हणून म्या हिरवाच नेसले."

आप्पांनी ताटात हात घातला. विभूतीचं बोट माझ्या काचेच्या कडेला लावलं, आणि ते बराच वेळ तिथंच राहिलं.

मित्रांनो, मला फार शिकवता येत नाही. मी एक काटा. जुन्या वस्तूवर नवा उजेड जरूर पाडा, पण तिला झाकू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही द्यायचं झालं तर आधी त्याच्याशेजारी बसून विचारा, तुम्हाला काय दिसतं? ते लगेच सांगणार नाहीत. आमच्यासारखे तेही मध्येच कुठंतरी अडकलेले असतात. तेव्हा हळूच, मायेनं, एक टिचकी मारून बघा.